माझ्या नावावर साडूंची दारू

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात पहिल्या दुकानातली पहिली वस्तू कधी घेतलेली नाही. जन्माला यायच्या वेळी देवाने घर दाखवलं असेल, तेव्हाही ते "आणखी दोन-चार बघू, मग कळवतो" असंच म्हणाले असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो आणि ह्यांना मी साडूभाऊ. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खरेदीला मी हजर. ताईंना मिक्सर घ्यायचा होता, तर यांच्या चौकशीत तीन दिवाळ्या गेल्या. तोवर ताई चटणी वाटायला आमच्याकडे यायच्या. बूट घ्यायला गेले की एका पायात एका कंपनीचा आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या कंपनीचा बूट घालून अख्खा मॉल फिरून यायचे. हॉटेलात बुफे असला तर आधी हात मागे बांधून सगळी भांडी तपासायची, वाढप्याला "हे आज सकाळचं का काल रात्रीचं?" असं विचारून त्याला घाम फोडायचा, आणि ते एकदाचे ताट घेऊन बसेपर्यंत आमचे गुलाबजाम संपलेले असायचे. लग्नाच्या वेळी ताईंना बघून गेले तेव्हासुद्धा "कळवतो" म्हणाले होते. आमचे सासरे खमके. ते म्हणाले, "तुम्ही नका तसदी घेऊ, आम्हीच कळवू." त्या एका वाक्याने साडूभाऊंची अशी पाचावर धारण बसली, की त्याच संध्याकाळी होकार घेऊन दारात हजर.

या सगळ्यात माझं काम दुसरं मत देण्याचं. "तू बघ आणि मोकळेपणाने सांग," असं म्हणून ते मला घेऊन जाणार, मी घसा कोरडा करून मत देणार आणि ते शांतपणे मान हलवून अगदी उलट करणार. मी मुळात तापट माणूस आहे, बायकोला विचारा. पण साडूभाऊंवर रागावता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सतत असा भाव असतो, की हे जग कुणीतरी घाईघाईत बांधलंय आणि आता तपासणीचं काम ह्यांच्या अंगावर पडलंय. यात नवल नाही, कारण नोकरीत त्यांनी पूल तपासले. कुठल्याही पुलावरून गाडी जाऊ लागली की बोलणं थांबवून खालचा आवाज ऐकणार आणि पलीकडे पोचल्यावर "ठीक आहे" म्हणणार. मला तर वाटतं, त्या "ठीक आहे"शिवाय न्यू जर्सीतला एकही पूल उभा राहिला नसता.

दारूच्या बाबतीतही हा चोखंदळपणा होताच. "मी पितो कुठे रे? मी चाखतो," असं ते म्हणायचे, आणि खरोखरच ज्या गांभीर्याने ते पेला उजेडात धरून बघायचे, ते पाहून मलाही वाटायचं की हे पिणं नव्हे, शास्त्र असावं. त्यात बर्फ घालणाऱ्याला ते श्रीखंडात पाणी घालणाऱ्याच्या पंक्तीला बसवत. नोकरी होती तोवर हे शास्त्र शुक्रवार संध्याकाळपुरतं होतं. रिटायर झाले आणि आठवड्याचे सगळेच वार शुक्रवार झाले. मग संध्याकाळ दुपारी सुरू व्हायला लागली. काचेचा पेला जाऊन स्टीलचा आला, कारण स्टीलच्या पेल्यात काय आहे ते दिसत नाही. ताई बोलायच्या नाहीत. पोळ्या लाटताना लाटणं मात्र जरा जोरात आपटायच्या. आम्ही तरी काय, "भावजी हल्ली लवकर झोपतात" असं एकमेकांना सांगून विषय बदलायचो. आपल्यात काविळीचा रुग्ण असेल तर गावभर सांगतात, दारूचा असेल तर तो "जरा थकलेला" असतो.

मग ती दुपार आली. त्यांची मुलगी रेवा, म्हणजे माझी भाची, इथेच जन्मलेली, चिप डिझाइनमध्ये इंजिनियर, तेव्हा जवळच राहायची. तिचा मुलगा चिकू पाच-सहा महिन्यांचा होता. ताई डॉक्टरकडे गेल्या होत्या, म्हणून रेवाने चिकूला बाबांकडे सोडलं आणि ती कामावर गेली. मीटिंग कॅन्सल झाली म्हणून लवकर परत आली, तर दारातच पोराचं रडणं ऐकू आलं. पाळण्यात चिकू रडून रडून लाल झालेला, आवाज बसलेला. आणि दोन हातांवर सोफ्यावर साडूभाऊ गाढ झोपलेले, स्टीलचा पेला छातीवर. पोराला काही झालं नाही, देवाची कृपा. रेवा ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पोराला उचललं, बाबांना हलवून जागं केलं आणि म्हणाली, "बाबा, आय कान्ट लीव्ह हिम विथ यू. नॉट अगेन." पुढे महिन्याभरातच तिने सांगितलं की ॲरिझोनात, चँडलरला, तिला मोठी नोकरी मिळाली आहे आणि ती घर तिकडे हलवणार आहे. आईने बाळासाठी बरोबर यावं. आणि बाबांनी? "ज्या दिवशी मला चिकूला त्यांच्याजवळ एकटं ठेवून बाहेर जाता येईल, त्या दिवशी त्यांनी यावं," असं तिने ताईंना सांगितलं. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, पण एक शब्द इकडेतिकडे न होता.

साडूभाऊ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. दाढी केली नव्हती. म्हणाले, "असे ग्रुप असतात म्हणे. सगळे बसतात, बोलतात. दारू सुटते. आपण एक चांगलासा बघू या." मी मनात म्हटलं, झालं! आता मिक्सर. आणि खरंच, लोक लेकीला स्थळ बघत नसतील इतक्या बारकाईने साडूभाऊंनी ग्रुप बघितले. एका ठिकाणच्या खुर्च्या डुगडुगत होत्या. "ज्यांना आपली खुर्ची सरळ करता येत नाही, ते मला काय सरळ करणार?" एका ठिकाणची कॉफी त्यांना भांडी विसळलेल्या पाण्यासारखी लागली. तिसऱ्या ठिकाणी शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, तर हे बाहेर येऊन मला म्हणतात, "अरे, मी बायकोचा हातसुद्धा चारचौघांत कधी धरला नाही!" घरबसल्या कम्प्युटरवरचा ग्रुप करून पाहिला. तिथे एक बाई डोळे पुसत आपली कहाणी सांगत होत्या आणि नेमकी ताईंच्या कुकरने शिट्टी दिली. साडूभाऊंना माइक बंद करता येईना. बाई थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा शिट्टी. आमच्या अगदी जवळ, पार्सिपनीतच एक चांगला ग्रुप होता. खुर्च्या, कॉफी, पार्किंग, सगळं पसंत पडण्यासारखं, असं ऐकलं होतं. पण पार्किंगमध्ये शिरताना साडूभाऊंना शेजारच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गणपती दिसला. "वळव! गाडी वळव!" असे ते खाली वाकून ओरडले, आणि मी घाबरून वळवली. मला आधी वाटलं, पोलीस आहेत.

शेवटी निवड झाली ती नदीपलीकडच्या, तासाभराच्या अंतरावरच्या एका गावाची. मधला पूल साडूभाऊंनी स्वतः तपासलेला, आणि "तिथे आपलं माणूस औषधालासुद्धा सापडणार नाही," ही सर्वांत मोठी पात्रता. दर मंगळवारी संध्याकाळी, एका चर्चच्या तळघरात. गोल मांडलेल्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं पिंप, बिस्किटं. चालवणारा होता हँक नावाचा एक ट्रक ड्रायव्हर. दाढी पोटापर्यंत, दंडावर गोंदवलेला गरुड, आणि आवाज मात्र बाळ निजवणाऱ्या बाईसारखा मऊ. त्याने विचारलं, "आज पहिल्यांदा कोण आलंय?" साडूभाऊ उभे राहिले. आता, तिथली पद्धत अशी, की नुसतं पहिलं नाव सांगायचं आणि मला दारूचं व्यसन आहे एवढं म्हणायचं. आडनाव नाही, गाव नाही, काही नाही. पण मराठी माणसाला ओळख करून द्यायला उभं केलं की तो मंडळाच्या स्टेजवरच उभा असतो. साडूभाऊंनी स्वतःचं नाव, मध्ये वडिलांचं नाव, आडनाव, जिल्हा, तालुका, कॉलेज, कुठल्या खात्यातून कुठल्या पदावरून निवृत्त, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. मंडळी भाविकपणे ऐकत होती. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. साडूभाऊंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अँड धिस इज माय को-ब्रदर. ही हॅज द प्रॉब्लेम. आय ॲम हिअर टू सपोर्ट हिम."

मी! ज्याला खोकल्याच्या औषधाने गरगरतं, ज्याची झेप सोलकढीच्या पलीकडे कधी गेली नाही, तो मी! तोंड उघडायच्या आत टाळ्या पडल्या. हँकने येऊन मला उचलल्यासारखी मिठी मारली. "पहिल्यांदा दारातून आत येणं हेच सगळ्यात अवघड असतं," असं माझ्या कानात म्हणाला. एका म्हाताऱ्या बाईंनी मला दोन बिस्किटं जास्त दिली. तिघाचौघांनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिले, कधीही, कुठल्याही वेळी फोन कर म्हणाले. इतक्या प्रेमाने माझ्या लग्नातही कुणी मला भेटलं नव्हतं.

परतताना गाडीत मी फुटलो. "साडूभाऊ, हा काय चावटपणा?" ते खिडकीबाहेर बघत होते. पूल आला तरी खालचा आवाज ऐकेनात. मग म्हणाले, "अरे, तुझं काय जातंय? तुझ्याकडे तर ती नाहीच. तुझ्या नावावर घातली तर तिला राहायला जागाच नाही. मी माझ्या तोंडाने म्हटलं असतं, तर ती माझी झाली असती ना रे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढच्या मंगळवारी येशील?" मी नाही म्हणणार होतो. पण कुठलीही गोष्ट एकदा बघून पुन्हा तिथे जायचं म्हणणारे साडूभाऊ मी प्रथमच पाहत होतो. पुढच्या मंगळवारी गाडी काढली.

तेव्हापासून मी बेवडा झालो. हँक अधूनमधून जेवायच्या वेळी फोन करायचा. एकदा बायकोने उचलला. फोनवर ती "येस, ही इज ईटिंग... नो, ओन्ली आमटी" असं काहीतरी बोलली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा हँक कोण? आणि आजचा दिवस तुम्हाला जड गेला का, असं का विचारतोय?" सगळं सांगितल्यावर ती ओट्याला धरून हसत बसली. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि म्हणाली, "जा हो तुम्ही. भावजींसाठी जा." ग्रुपमध्ये मात्र हसून भागत नव्हतं. तिथे प्रत्येकाला कधी ना कधी बोलावं लागतं. माझ्यावर पाळी आली, आता काय सांगू? सोलकढीच्या आठवणी? मग मी साडूभाऊंचंच सगळं माझं म्हणून सांगायला लागलो. शुक्रवारचं सांगितलं, चाखण्याचं सांगितलं. "बाटली मी गॅरेजमध्ये लपवायचो," असं म्हटलं, तर शेजारून कुजबुज आली, "गॅरेजमध्ये नाही रे, वॉशिंग मशीनच्या मागे." मी दुरुस्ती केली. "सकाळी कधी प्यायलो नाही," म्हटलं, तर पुन्हा हळूच, "दोनदा." मी तीही दुरुस्ती केली. ह्या माणसाला स्वतःचं पाप दुसऱ्याच्या तोंडूनसुद्धा चुकीचं सांगितलेलं खपत नव्हतं. मग मी चिकूची ती दुपार सांगितली. पोराचा बसलेला आवाज, रेवाचं ते वाक्य. त्या वेळी शेजारून एकही दुरुस्ती आली नाही.

तिसऱ्या मंगळवारी जिना उतरून काकू आत आल्या. काकू म्हणजे आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या सर्वेसर्वा. निवृत्त डॉक्टर, कडक इस्त्रीची सुती साडी, डोळ्यांत असा दरारा की मंडळाचे अध्यक्षसुद्धा त्यांच्यासमोर खिशातून हात काढून उभे राहतात. त्या कामासाठी पंधरवडाभर भारतात गेल्या होत्या म्हणून आधी दिसल्या नव्हत्या. साडूभाऊंच्या हातातली कॉफी हिंदकळली. मग आपल्या माणसाला भेटल्यावर आपला माणूस जे म्हणतो तेच साडूभाऊ म्हणाले, "अरे वा, काकू! तुम्ही इकडे कुठे?" आणि काकूंच्या तोंडूनही सवयीने निघून गेलं, "मी? जरा भाजी घ्यायला आले होते." "मी पण," साडूभाऊ म्हणाले. तासभर गाडी चालवून, नदी ओलांडून, चर्चच्या तळघरात भाजी! मला खोकला आला. तेवढ्यात हँकने काकूंना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारली आणि अख्खी खोली त्यांना पहिल्या नावाने "हाय" म्हणाली. काकूंना पहिलं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते काही मी सांगणार नाही. हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिहा की. फक्त नाव, गाव आणि साडी बदला." तेव्हा साडी सुती होती, यावर विश्वास ठेवू नका.

मीटिंगनंतर पार्किंगमध्ये काकूंनी मला गाठलं. "तुम्ही हो कधीपासून? कोजागरीला मसाला दूधसुद्धा गार करून पिणारा माणूस!" मी खिशात गाडीची किल्ली शोधायला लागलो. काकूंनी पलीकडे पाहिलं. साडूभाऊ आमच्या गाडीचा टायर अशा एकाग्रतेने दाबून बघत होते, जणू तो पहिल्यांदाच बघत आहेत. काकूंना समजायचं ते समजलं. "असू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीसुद्धा पहिलं वर्षभर माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगत होते. ती मैत्रीण कधी नव्हतीच. स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय खरं नाही, पण ढकलून म्हणायला लावलं तर तेही खरं नाही. येत राहा." मग नेहमीच्या शाळेतल्या आवाजात, "आणि इथलं इथे. मंडळात मी तुम्हाला ओळखते ती वर्गणीपुरती!"

इकडे घरी, ताईंनी बायकोला सांगितलं, वॉशिंग मशीनच्या मागची जागा रिकामी झाली होती. पहिल्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारून, त्यांच्या सल्ल्याने, साडूभाऊंनी बंद केली होती. शेवटची बाटली स्वतः सिंकमध्ये ओतली आणि ओततानासुद्धा "चांगली होती हो" म्हणाले. ते दिवस सोपे गेले नाहीत. हात थरथरायचे, झोप नाही, ताईंशी चहात साखर कमी म्हणून भांडायचे आणि पुन्हा जाऊन माफी मागायचे. चिवड्याचे डबेच्या डबे संपायचे. दुपारी चारच्या सुमाराला घरात बसवेनासं झालं, की आमच्याकडे येऊन बायकोच्या भाज्या निवडून द्यायचे. मेथीची एक जुडी निवडायला त्यांना दीड तास लागायचा, आणि त्या दीड तासाचीच त्यांना गरज होती.

असा महिना झाला आणि तो मंगळवार उजाडला. महिनाभर दारूपासून दूर राहिलेल्याला तिथे एक नाणं देतात. पैशाचं नव्हे, आठवणीचं. हलकंसं, पितळी रंगाचं. हँकने ते नाणं उंच धरलं आणि माझं नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. दोन बिस्किटं देणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले होते. आता सगळं सांगून टाकावं की काय, असा विचार करत मी उठलो, दोन पावलं गेलो, आणि मागून आवाज आला, "थांब रे! ती माझी आहे!" शुद्ध मराठीत. सगळ्यांनी वळून बघितलं. साडूभाऊ उभे होते, खुर्चीची पाठ घट्ट धरून. मग इंग्रजीत सुरू झाले. "ह्याला देऊ नका. हा चांगला माणूस आहे, पण ह्याने काही केलेलं नाही. हा ताक पितो. थरथर मला सुटली होती. मेथी मी निवडली. ते रडणारं पोर माझं आहे, माझा नातू आहे." आणि थांबले. मला वाटलं, आता वडिलांचं नाव, आडनाव, तालुका येणार. पण नाही. त्यांनी फक्त आपलं पहिलं नाव घेतलं, एका शाळकरी पोरासारखं, आणि ते वाक्य म्हटलं. मला दारूचं व्यसन आहे. आवाज अगदी लहान होता.

सगळी खोली त्यांच्या नावाने "हाय" म्हणाली. काकू सगळ्यांत मोठ्याने. हँक माझ्याकडे बघत राहिला, मग नाण्याकडे, मग साडूभाऊंकडे. "मग महिनाभर मी फोन कुणाला करत होतो?" असं त्याने विचारलं, आणि तळघर हसण्याने भरून गेलं. मला भयंकर लाज वाटली आणि भयंकर आनंदही झाला; मी हँकची माफी मागितली तर त्याने मला पुन्हा उचलून घेतलं. साडूभाऊंनी नाणं दोन्ही बाजूंनी तपासलं. गाडीत बसल्यावर मात्र त्यांच्याने ते खिशात ठेववेना. मुठीत धरून पूल ओलांडेपर्यंत रडत होते. मीही काही कमी नव्हतो, फक्त मला रस्ता बघायचा होता.

पानगळ सुरू झाली तेव्हा ताई रेवाबरोबर चँडलरला गेल्या. साडूभाऊ मागे राहिले. रेवाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं होतं, माझ्या नावावर घातलेल्या महिन्यासकट. ती हसली, पण "या" म्हणाली नाही. तिचंही बरोबर होतं. विश्वास काही फोनवर मागवता येत नाही. तो हिवाळा साडूभाऊ आमच्याकडे जेवले, मंगळवारी माझ्याबरोबर नदीपलीकडे गेले, आणि बर्फामुळे रस्ते बंद असले तर काकूंशी फोनवर तासतासभर बोलले. एकदा मधेच घसरले. एका लग्नात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन मला सांगितलं, मग काकूंना, मग रेवाला फोन करून. मी म्हटलं, "रेवाला कशाला? तिला इतक्या लांब कसं कळणार?" तर म्हणाले, "म्हणूनच." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, आता ती दारं लावून घेणार. पण पुढच्या उन्हाळ्यात रेवाचाच फोन आला, "बाबा, कम."

त्यांना विमानतळावर सोडून आलो तेव्हा गल्ली एकदम सुनी वाटली. आता मिक्सर घ्यायचा तर मी पहिल्या दुकानात जातो, पहिला उचलतो, आणि त्यात काही मजा नसते. चँडलरमधला ग्रुप त्यांनी काकूंना विचारून निवडला. मला विचारलंही नाही. याचं मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मंगळवारी संध्याकाळी मी गाडीची किल्ली हातात घेतो आणि मग लक्षात येतं की आपल्याला दारूच नाही.

परवा शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबका. म्हणाले, "रेवा आणि तिची आई बाहेर गेल्यात. चिकू माझ्याजवळ आहे. रेवाने स्वतः ठेवला." मी आनंदाने ओरडलोच, "वा, साडूभाऊ! जिंकलात!" मग ते म्हणाले, "घरात काही नाही रे. मला प्यावंसंही वाटत नाहीये. पण भीती वाटते. तू फोन ठेवू नकोस." मी विचारलं, "काय बोलू?" "काही बोलू नकोस. नुसता बस तिकडे." मी फोन टेबलावर ठेवला आणि बसलो. बायकोने खुणेने विचारलं, कोण? मी तोंडावर बोट ठेवलं. तिने गॅस बंद केला आणि तीही माझ्या शेजारी येऊन बसली. फोनमधून चमच्याचा आवाज येत होता. "आ कर, आणखी एक घास, हा चिऊचा," असं साडूभाऊ म्हणत होते. मधेच काहीतरी पडलं, चिकू हसला, साडूभाऊ हसले. मग तो झोपला असावा, कारण नुसता श्वास ऐकू येत होता, एक लहान आणि एक मोठा. दर थोड्या वेळाने साडूभाऊ हळूच विचारायचे, "आहेस ना?" आणि मी हळूच म्हणायचो, "आहे."

बऱ्याच वेळाने पलीकडे दार उघडलं. रेवाचा आवाज आला, "हाउ वॉज ही, बाबा?" "छान जेवला, झोपलाय," साडूभाऊ म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते पुढे म्हणाले, "मी घाबरलो होतो गं. काकांना फोनवर बसवून ठेवलं होतं. अजून आहेत ते." मला वाटलं, झालं, ह्या माणसाला गप्प बसता येत नाही! मग पावलं वाजली आणि फोन उचलल्याचा आवाज आला. रेवा म्हणाली, "काका, यू देअर? आर यू फ्री टुमॉरो? आई आणि मी उद्या पण बाहेर जाणार आहोत."

मी म्हटलं, "आहे गं बाई. मला कुठे जायचंय?"